उसळीचा शब्द : 'बाउन्सी'

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर हुणसूर हे तालुक्याचे गाव लागते. लक्ष्मणतीर्थ नदीचे पाणी, तंबाखूची शेते आणि पलीकडे नागरहोळेचे दाट अरण्य असा हा प्रदेश आहे. कोडगूच्या डोंगरांकडे आणि नागरहोळेच्या जंगलाकडे जाणारे पर्यटक याच वाटेने जातात. त्यामुळे गाडी चालवणारे, उपाहारगृहात वाढणारे, निवासगृहात खोल्या लावणारे, दुकान सांभाळणारे अशा अनेकांच्या कानांवर दररोज थोडेफार इंग्रजी पडते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पाहुण्यांशी इंग्रजी असा तीन भाषांचा व्यवहार करणारी माणसे या भागात आढळतात. म्हैसूर संस्थानाच्या कारभारात दिवाण पूर्णय्या यांच्या काळापासूनच मराठी जाणणारे लोक होते. म्हणजे येथील मराठीला कन्नडचा शेजार नवा नाही. नवा आहे तो रोजच्या बोलण्यातील इंग्रजीचा.

अशा ठिकाणी एखादा लहानसा शब्दही कामाचा ठरतो. समजा, निवासगृहात उतरलेल्या पाहुण्याने सकाळी सांगितले, "द बेड इज टू बाउन्सी." खोली लावणाऱ्या व्यक्तीने हे ऐकून हसून "थँक यू" म्हटले, तर पाहुणा नाराज होईल; कारण त्याने स्तुती केलेली नसून तक्रार केलेली आहे. दुसऱ्या पाहुण्याने जंगलातील फेरीहून परतल्यावर "इट वॉज अ बाउन्सी राइड" असे म्हटले, तर ते कौतुक आहे की गाऱ्हाणे, हे त्याच्या चेहऱ्यावरून आणि स्वरावरून ओळखावे लागेल. तिसऱ्याने आपल्या लहान मुलीबद्दल "शी इज सो बाउन्सी टुडे" असे म्हटले, तर ती आज मोठ्या आनंदात, उड्या मारत आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. शब्द एकच, पण प्रसंग तीन आणि अर्थाच्या छटाही तीन. हा एक शब्द नीट समजून घेण्याच्या निमित्ताने परभाषेतील विशेषण कसे शिकावे, याचीही वाट सापडते.

ओळखीच्या घरातील अनोळखी शब्द

'बाउन्सी' हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसालाही त्याचे नातेवाईक मात्र ठाऊक असतात. बँकेत पुरेशी शिल्लक नसल्यामुळे धनादेश परत आला, की "चेक बाउन्स झाला" असे शिकलेला आणि न शिकलेला, दोघेही म्हणतात. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या १३८ व्या कलमानुसार असा धनादेश न वटणे हा गुन्हा ठरू शकतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे 'बाउन्स' हा शब्द अनेकांनी धास्तीनेच शिकलेला असतो. क्रिकेट पाहणाऱ्यांना 'बाउन्सर' माहीत असतो : आखूड टप्प्याचा, फलंदाजाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीपर्यंत उसळणारा वेगवान चेंडू. मोठ्या समारंभात दांडगट लोकांना आवरण्यासाठी दाराशी उभ्या असलेल्या धिप्पाड माणसालाही 'बाउन्सर' म्हणतात.

या सर्वांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : एखादी वस्तू कशावर तरी आदळते आणि परत फिरते. चेंडू जमिनीवरून परततो, धनादेश बँकेतून परततो, दांडगट माणूस दारातूनच परत पाठवला जातो. जुन्या इंग्रजीच्या मध्ययुगीन रूपात या क्रियापदाचा अर्थ 'ठोसणे, धाडकन आदळणे' असा होता. पुढे आदळण्यापेक्षा आदळल्यानंतर वर येण्यावर भर पडत गेला. 'बाउन्सी' हे विशेषण त्या मानाने पुष्कळ अलीकडचे. ते विसाव्या शतकात रूढ झाले. त्याचा मूळ अर्थ 'सहज उसळणारा' किंवा 'उसळवणारा' असा सांगता येईल.

शब्दाची घडण

इंग्रजीत नामाला किंवा क्रियापदाला शेवटी 'वाय' हे अक्षर जोडून विशेषण तयार करण्याची रीत फार प्रचलित आहे. 'रेन' म्हणजे पाऊस, 'रेनी' म्हणजे पावसाळी. 'डस्ट' म्हणजे धूळ, 'डस्टी' म्हणजे धुळकट. मूळ शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा 'ई' असेल, तर 'वाय' जोडताना तो बहुधा गळतो. 'ज्यूस' पासून 'ज्यूसी', 'स्पाइस' पासून 'स्पायसी', 'नॉइझ' पासून 'नॉइझी' हे शब्द असेच घडले आहेत. 'बाउन्स' पासून 'बाउन्सी' होतानाही हाच नियम लागतो. म्हणून या शब्दाचे लेखन बी, ओ, यू, एन, सी, वाय अशा सहा अक्षरांनी होते. 'सी' आणि 'वाय' यांच्यामध्ये 'ई' राहत नाही. येथे 'सी' या अक्षराचा उच्चार 'स' असा करावा, 'क' असा करू नये.

मराठीतही विशेषणे घडवण्याच्या स्वतःच्या रीती आहेत. टवटव, चुणचुण, झणझण, लखलख अशा नादमय शब्दांना 'ईत' जोडून टवटवीत, चुणचुणीत, झणझणीत, लखलखीत असे शब्द होतात. ही तुलना ध्यानात ठेवली, तर इंग्रजी घडणही परकी वाटत नाही.

दोन्ही भाषांत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. मराठीत अनेक विशेषणे नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात : उसळता चेंडू, उसळती चाल, उसळते कारंजे, उसळत्या लाटा. इंग्रजी विशेषण असे बदलत नाही. चेंडू एक असो वा दहा, 'बाउन्सी' हे 'बाउन्सी'च राहते. ते नामापूर्वी येते, जसे 'अ बाउन्सी बॉल'. किंवा वाक्याच्या शेवटी विधेयात येते, जसे 'द बॉल इज बाउन्सी'. दोन वस्तूंची तुलना करताना 'बाउन्सिअर' आणि सर्वांत अधिक सांगताना 'बाउन्सिएस्ट' अशी रूपे होतात. आधी 'व्हेरी' आला, तर गुण फक्त वाढतो. 'टू' आला, तर तो गुण नकोसा होण्याइतका वाढला आहे असे सूचित होते. वर दिलेल्या पहिल्या वाक्यातील तक्रार या एका 'टू' मध्ये दडलेली होती.

चेंडू का उसळतो

एखाद्या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांपुढे उभा राहिला, की त्याचे इतर अर्थ सहज उलगडतात. म्हणून उसळणे ही क्रिया नेमकी काय आहे, हे पाहणे येथे उपयोगाचे आहे.

चेंडू जमिनीवर आदळला, की क्षणभर चपटा होतो. या चपटे होण्यात त्याच्या गतीची शक्ती त्याच्या द्रव्यात साठते. द्रव्य स्थितिस्थापक असेल, तर ते लगेच मूळ आकार घेते आणि साठलेली शक्ती चेंडूला वर ढकलते. काही शक्ती उष्णतेच्या आणि आवाजाच्या रूपाने नाहीशी होते. म्हणून चेंडू सोडलेल्या उंचीपर्यंत पुन्हा येत नाही. ओल्या मातीचा गोळा टाकला, तर तो चपटा होतो आणि तसाच राहतो. त्याच्यात साठवून परत देण्यासारखे काही नसते.

हा गुण मोजताही येतो. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेहमीच्या प्रकारचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक. टेबल टेनिसमध्ये उलट मेजाची परीक्षा होते : ३० सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू मेजावर सर्वत्र सुमारे २३ सेंटिमीटर उसळावा, अशी अपेक्षा असते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. उसळी ही केवळ चेंडूची नसते. ती ज्यावर चेंडू पडतो त्या पृष्ठभागाचीही असते. म्हणूनच इंग्रजीत चेंडूही 'बाउन्सी' असतो आणि जमीनही 'बाउन्सी' असते.

खरी उसळी माणसाला दिली ती रबराने. मेक्सिकोतील एल मनाती या ठिकाणी तीन हजार वर्षांहून अधिक जुने रबरी चेंडू सापडले आहेत. परंतु कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची क्रिया शोधली. त्यानंतर रबरी चेंडू जगभर पोहोचले. त्यापूर्वी आपल्याकडील मुले चिंध्यांचा चेंडू करून खेळत आणि पुढेही अनेक खेड्यांत तो टिकून राहिला. चिंध्यांचा चेंडू फेकता येतो, झेलता येतो, पाठीत बसला तर लागतोही. पण तो उसळत नाही. इंग्रजीत त्याला 'सॉफ्ट' म्हणता येईल, 'बाउन्सी' म्हणता येणार नाही.

टप्पा आणि उसळी

मराठीने या एका क्रियेसाठी दोन शब्द राखले आहेत. चेंडू जमिनीला लागतो तो 'टप्पा' आणि त्यानंतर वर उठतो ती 'उसळी'. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुले 'एक टप्पा आऊट' असा नियम करतात, तेव्हा ती चेंडूने जमिनीला किती वेळा स्पर्श केला ते मोजत असतात. 'चेंडूने चांगली उसळी घेतली' असे म्हणताना मात्र तो किती उंच गेला ते सांगायचे असते. इंग्रजी 'बाउन्स' मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. 'बाउन्सी' मध्ये प्रामुख्याने उसळीचा आहे.

कन्नड भाषेचा आधारही येथे घेता येतो. चेंडूला कन्नडमध्ये 'चेंडु' असेच म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांच्या सामाईक ठेव्यातील आहे. उसळणाऱ्या चेंडूला 'पुटियुव चेंडु' म्हणतात. अपयशातून पुन्हा उभे राहणाऱ्या माणसाबद्दल किंवा खेळातील संघाबद्दल कन्नड वृत्तपत्रे 'पुटिदेळु' हे क्रियापद वापरतात. इंग्रजीत यालाच 'बाउन्स बॅक' म्हणतात आणि मराठीत 'पुन्हा उसळी घेणे'. तीन वेगवेगळ्या भाषांनी चेंडूकडे पाहून माणसाच्या जिद्दीसाठी एकच उपमा शोधावी, ही लक्षात राहण्याजोगी गोष्ट आहे. हुणसूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला कन्नड येत असेल, तर त्याने ती इंग्रजी शिकताना बाजूला ठेवू नये. आलेली प्रत्येक भाषा पुढच्या भाषेची पायरी होते. भारतीय भाषांच्या विकासाच्या कामासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय भारतीय भाषा संस्थान याच जिल्ह्यात, म्हैसूर शहरात आहे, हेही येथे आठवावे.

'बाउन्सी' हा शब्द मराठी श्रोत्यांच्या कानांवर सर्वाधिक पडतो तो क्रिकेटमुळे. बाळ ज. पंडित यांनी मराठीतून क्रिकेटचे धावते समालोचन लोकप्रिय केले आणि 'खेळपट्टी', 'फलंदाज', 'गोलंदाज' असे शब्द घराघरांत ओळखीचे झाले. 'बाउन्सी पिच' म्हणजे उसळती खेळपट्टी. कठीण, घट्ट बसलेल्या मातीची खेळपट्टी चेंडूला अधिक उसळी देते. मऊ आणि भुसभुशीत माती ती शोषून घेते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील वाका मैदान अशा उसळत्या आणि वेगवान खेळपट्टीसाठी प्रसिद्ध होते. १९९२ च्या फेब्रुवारीत अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने तेथे ११४ धावा केल्या. भारत तो सामना हरला, पण ती खेळी आजही गौरवाने सांगितली जाते. कारण ज्या खेळपट्टीवर अनुभवी फलंदाजही गोंधळत, तेथे एका कोवळ्या खेळाडूने उसळीशी जमवून घेतले होते. उलट बाजूने पाहिले, तर उसळती खेळपट्टी गोलंदाजाला वरदान असते. म्हैसूरमध्ये १९६९ साली जन्मलेला जवागल श्रीनाथ हा उंचपुरा वेगवान गोलंदाज चेंडूला उसळी देण्यात तरबेज होता. त्याने कसोटी सामन्यांत २३६ बळी घेतले. एकाच खेळपट्टीला फलंदाजाने 'बाउन्सी' म्हटले, तर त्यात सावधगिरी असते. गोलंदाजाने म्हटले, तर त्यात समाधान असते. शब्द तटस्थ आहे. त्याला रंग देतो तो बोलणाऱ्याचा हेतू.

मऊ, लवचीक आणि उसळते

नवशिक्याचा सर्वाधिक घोटाळा होतो तो जवळच्या शब्दांत. मऊ, लवचीक आणि उसळते हे तीन गुण मराठीत जसे वेगळे आहेत, तसे इंग्रजीतही आहेत. हुणसूर परिसरातीलच काही उदाहरणे घेऊन हा फरक स्पष्ट करता येईल.

म्हैसूरकडे 'मल्लिगे इडली' प्रसिद्ध आहे. 'मल्लिगे' म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल. फुलासारखी पांढरी आणि हलकी म्हणून हे नाव. ही इडली 'सॉफ्ट' आहे. बोटाने दाबल्यावर ती जाळीदार असल्यामुळे हळूच वर येते, म्हणून तिला 'स्पाँजी' म्हणतात. परंतु ती उसळत नाही. खाण्याच्या पदार्थाला 'बाउन्सी' म्हणायचे, तर तो दाताला किंचित प्रतिकार करून परत फुगणारा हवा. तैवानमध्ये माशांचे गोळे आणि शेवया यांच्या अशा गुणाला 'क्यू' असे म्हणतात आणि इंग्रजीत लिहिणारे त्यासाठी पुष्कळदा 'बाउन्सी' हाच शब्द योजतात.

तंबाखूचे पान हे दुसरे उदाहरण. हुणसूरच्या शेतकऱ्यांना ठाऊक असते, की भट्टीतून काढलेले पान इतके कोरडे असते की हात लावताच त्याचा चुरा होतो. त्याला हवेतील ओल मिळू दिली, की ते लवचीक होते आणि मगच त्याची प्रतवारी करता येते. हे पान वाकते, दुमडते, तुटत नाही. पण उसळत नाही. इंग्रजीत त्याला 'फ्लेक्सिबल' किंवा 'सप्ल' म्हणतात. नागरहोळेच्या बाजूला बांबू दिसतो. हिरवा बांबू वाकवून सोडला, की तो झटक्याने सरळ होतो. येथे 'स्प्रिंगी' हा शब्द अधिक नेमका आहे. दाबल्यावर किंवा वाकवल्यावर मूळ स्थितीत येतो तो 'स्प्रिंगी'. आदळल्यावर वर उडतो किंवा दुसऱ्याला उडवतो तो 'बाउन्सी'. दोन्ही अर्थ काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात, तरी हा भेद पायाशी धरावा.

गादीचे उदाहरण तर प्रत्येक घरातील आहे. कापसाची गादी वापरून दबते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, की ती पुन्हा फुगीर होते. ती मऊ असते, पण तिच्यावर बसणारा माणूस वर उडत नाही. स्प्रिंगची गादी उडवते. लहान मुलांना ती आवडते आणि पाठीचे दुखणे असलेल्या माणसाला ती नकोशी वाटते. पाहुणा "बाउन्सी" म्हणतो तेव्हा त्याला बहुधा अधिक कडक, स्थिर गादी हवी असते, हे कळले म्हणजे योग्य सेवा देता येते.

वाहनाच्या प्रवासालाही हा शब्द लागतो. एकोणिसाव्या शतकात हुणसूर हे म्हैसूरच्या प्रसिद्ध अमृतमहाल गुरांच्या खात्याचे मुख्य ठिकाण होते. लष्कराचे सामान ओढण्यासाठी या चपळ बैलांची जोपासना केली जाई. बैलगाडीत स्प्रिंग नसे, त्यामुळे खड्ड्यातून जाताना बसणाऱ्याला हिसके बसत. आज जंगलाच्या कच्च्या वाटेवर जीपमध्ये बसणाऱ्यालाही तसाच अनुभव येतो. अशा प्रवासाला इंग्रजीत 'अ बाउन्सी राइड' म्हणतात. जत्रेत आणि प्रदर्शनांत मुलांच्या उड्यांसाठी हवा भरलेला मोठा किल्ला असतो. आपल्याकडे त्याला पुष्कळदा 'मिकी माउस' म्हणतात, ब्रिटनमध्ये त्याचे नाव 'बाउन्सी कॅसल' आहे.

वस्तूकडून चैतन्याकडे

येथवर शब्द वस्तूंपाशी होता. आता तो चालीकडे, सुरांकडे आणि स्वभावाकडे वळतो. ज्याच्या पावलांत जणू स्प्रिंग बसवली आहे अशा माणसाच्या चालीला 'बाउन्सी वॉक' म्हणतात. पाय ठेवताच ऐकणाऱ्याचा ठेका धरायला लागावा अशा गाण्याला 'बाउन्सी ट्यून' म्हणतात. मराठीत यासाठी 'उडत्या चालीचे गाणे' हा नेमका शब्दप्रयोग आहे. केसांना 'बाउन्सी' म्हटले, तर ते डोक्याला चिकटून न राहता हलके, फुललेले आणि चालताना हलणारे आहेत असा अर्थ होतो. केस धुण्याच्या पदार्थांच्या जाहिरातींत हा शब्द वारंवार येतो.

माणसाच्या स्वभावाला हा शब्द लावताना मात्र विचार करावा लागतो. लहान मूल, तरुण मित्र, खेळकर कुत्र्याचे पिल्लू यांना तो शोभतो. त्यात आनंद, उत्साह आणि एका जागी न बसण्याची वृत्ती असते. मराठीत त्यासाठी उत्साही, तरतरीत, चुणचुणीत, उड्या मारणारा असे शब्द प्रसंगानुसार वापरता येतील. परंतु या उत्साहात पोक्तपणाची हमी नसते. इंग्रज लेखक ए. ए. मिल्न यांच्या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बालपुस्तकात टिगर नावाचा वाघासारखा प्राणी आहे. तो सतत उड्या मारत असतो. त्याच्या मित्रांना तो आवडतो आणि त्याचा त्रासही होतो. 'बाउन्सी' या शब्दातील गोडवा आणि अतिरेक, दोन्ही त्या पात्रात एकत्र दिसतात.

म्हणून आपल्या वरिष्ठांना, वयोवृद्ध आजोबांना किंवा शिक्षिकेला 'बाउन्सी' म्हणू नये. त्यांचा उत्साह सांगायचा असेल, तर 'एनर्जेटिक' किंवा 'लाइव्हली' हे शब्द अधिक सभ्य ठरतात. अनोळखी स्त्रीविषयी हा शब्द वापरल्यास तो शरीरावरील शेरा समजला जाण्याचा धोका असतो. नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी 'आय अ‍ॅम बाउन्सी' असे लिहिणे हास्यास्पद दिसेल. तेथे 'एनर्जेटिक' असे लिहावे. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल मात्र 'ही इज बाउन्सी अगेन' असे आप्तांत प्रेमाने म्हणता येते. मराठीत 'पुन्हा टवटवीत झाला' असे म्हणताना जो दिलासा असतो, तोच या वाक्यात असतो.

जेथे हा शब्द चालत नाही

मराठी 'उसळणे' या क्रियापदाचे क्षेत्र इंग्रजी 'बाउन्सी' हून पुष्कळ मोठे आहे. समुद्र उसळतो, रक्त उसळते, गर्दी उसळते, दंगल उसळते, बाजारभावही उसळतात. या कोणत्याही ठिकाणी 'बाउन्सी' वापरता येत नाही. उसळलेल्या समुद्राला इंग्रजीत 'रफ सी' म्हणतात; तेजीत असलेल्या बाजाराला 'बॉयंट' म्हणतात. धनादेश 'बाउन्स' होतो, पण त्या धनादेशाला 'बाउन्सी चेक' म्हणत नाहीत. शब्दकोशात 'बाउन्सी' समोर 'उसळणारा' असा अर्थ लिहिलेला पाहून प्रत्येक उसळणाऱ्या गोष्टीला तो जोडणे, ही परभाषा शिकताना होणारी सर्वांत सामान्य चूक आहे. शब्द एकटा शिकू नये. तो ज्या नामांच्या संगतीत राहतो, त्यांच्यासह शिकावा. बॉल, पिच, बेड, राइड, हेअर, वॉक, ट्यून, चाइल्ड ही 'बाउन्सी' ची नेहमीची सोबती मंडळी आहेत. एवढी आठ ध्यानात ठेवली, तरी रोजच्या व्यवहाराचे बहुतेक प्रसंग निभावतात.

सरावाची रीत

प्रौढ वयात भाषा शिकणाऱ्याच्या वाटेत शब्दांपेक्षा संकोच मोठा असतो. चुकलो तर लोक हसतील, ही भीती अनेकांना गप्प बसवते. लहान मूल दिवसातून शंभरदा चुकते आणि म्हणूनच बोलू लागते. प्रौढाकडे मात्र एक भांडवल असते, जे मुलाकडे नसते : अनुभव. मऊ आणि लवचीक यांतील भेद तंबाखूच्या पानावरून ज्याला ठाऊक आहे, त्याला इंग्रजीतील तोच भेद नव्याने शिकवावा लागत नाही. त्याला केवळ नवे नाव सांगावे लागते.

त्यासाठी एक साधी रीत उपयोगी पडते. घरात आणि कामाच्या ठिकाणी दिसणाऱ्या दहा वस्तूंची मराठीतून यादी करावी. त्यांतील कोणती मऊ, कोणती लवचीक, कोणती दाबल्यावर परत येणारी आणि कोणती उसळणारी, हे ठरवावे. उसळणाऱ्या वस्तूंसाठी 'बाउन्सी' वापरून प्रत्येकी दोन वाक्ये मोठ्याने म्हणावीत : एक नामापूर्वी विशेषण ठेवून आणि दुसरे वाक्याच्या शेवटी ठेवून. नंतर एका वाक्यात 'टू' घालून अर्थ कसा पालटतो ते पाहावे. पाहुण्याच्या तोंडून हा शब्द ऐकू आला आणि हेतू कळला नाही, तर निःसंकोचपणे विचारावे, "इज इट ओके, ऑर शॅल आय चेंज इट?" म्हणजे 'हे चालेल, की बदलून देऊ?' असे विचारण्यात कमीपणा नाही. त्यातून समोरच्याला आपली काळजी घेतली जात आहे, असेच वाटते.

एका शब्दाने कोणाला इंग्रजी येत नाही, हे खरे. पण एक शब्द त्याच्या मूळ अर्थासह, सोबत्यांसह आणि मर्यादांसह पक्का झाला, की दुसरा शिकण्याची पद्धत हाती येते. जो शब्द चुकीच्या जागी पडून आपटतो, तोच योग्य जागी पुन्हा वापरला जातो आणि भाषा पुढे सरकते. शिकणाऱ्याचे मन ओल्या मातीच्या गोळ्यासारखे पडल्या जागी चिकटून न राहता चेंडूसारखे पुन्हा वर उठणारे असावे, एवढे हा लहानसा शब्द जाता जाता सांगून जातो.